ओसरीवरचा वाद

आमच्या ओसरीवरचा एक किस्सा सांगायला घेतला, की तो संपायच्या आत दुसरा तोंडात येतो. ती माणसं आता नाहीत, तरी त्यांचे आवाज काही जात नाहीत.

निजामाच्या काळात जवळा बाजार या गावी मी मास्तर होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर तिघं जमायचे. औंढ्याहून चालत येणारे गोविंदशास्त्री, आमच्याच शाळेत उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब आणि बंजारा तांड्याचे हरलाल नाईक. विषय एकच. देव!

*

एकदा शास्त्रीबुवा आणि मौलवीसाहेब हमरीतुमरीवर आले. गंमत म्हणजे दोघंही एकच सांगत होते, देवाला आकार नाही!

नाईक तंबाखू मळत म्हणाले, "दोघांच्याबी देवाला कान न्हाईत म्हनता, मग एवढं वरडून राहिले काहून?"

*

शास्त्रीबुवा अद्वैत सांगत होते. सगळं ब्रह्म, तू-मी हा भेदच खोटा. तेवढ्यात बाजारातली एक बकरी मागून आली आणि त्यांचं उपरणं चघळू लागली.

मौलवीसाहेब म्हणाले, "बुवा, ब्रह्म नाश्ता करून राहिलंय!"

बुवा काठी घेऊन धावले. "बकरी ब्रह्म, मी ब्रह्म, पण उपरणं माझं!"

*

नाईकांची लेक बाळंतपणात गेली. पंधरा दिवसांनी ते ओसरीवर आले, बसले आणि म्हणाले, "तुमी दोघंबी शिकलेले. माझं लेकरू काहून नेलं, एवढं सांगा."

बुवांकडे पूर्वजन्म होता. मौलवीसाहेबांकडे मालिकची मर्जी होती.  पण सोवळंओवळं पाळणाऱ्या बुवांनी उठून नाईकांना आपल्या तांब्यातून पाणी दिलं.

*

पुढे दिवस वाईट आले. एकमेकांशी बोलू नका, अशी ताकीद दोघांनाही आपापल्या माणसांकडून मिळाली. तरी बाजाराला दोघं हजर! एक या खांबाला टेकून, एक त्या खांबाला. मधे मी.

"मास्तर, त्यांना सांगा, मुद्दा कच्चा आहे."

"मास्तर, त्यांना म्हणावं, कच्चा तर कच्चा, जवाब द्या!"

दोघांत अंतर चार हातांचं!

*

अठ्ठेचाळीस साली फौज आली, निजामाचं राज्य गेलं. मौलवीसाहेब हैदराबादला लेकाकडे कायमचे निघाले. वसमतच्या स्टेशनापर्यंत गाडी नाईक हाकणार होते. बुवा निरोप द्यायला आले आणि वाद घालत गाडीबरोबर चालू लागले. मीही मागे.

वाद असा, की मेल्यावर माणसं एकमेकांना ओळखतात का? मौलवीसाहेब म्हणत, कयामतला सगळे भेटतील, नावानिशी ओळखतील. बुवा म्हणत, थेंब समुद्रात मिळाला, आता कोण कुणाला ओळखणार?

नाईक म्हणाले, "बुवा, गाडीत बसा की!"

"बसलो तर मी माघार घेतली म्हणतील!"

मग मौलवीसाहेबच खाली उतरले. रिकामी गाडी पुढे, हे दोघं मागे, असे शिरड शहापूरपर्यंत गेलो. तिथून बुवांना परतायचं होतं. मौलवीसाहेब थांबले, हळूच म्हणाले, "बुवा, इतकी वर्षं भांडलो. तुमचंच बराबर असेल."

बुवांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"नाही हो, मौलवीसाहेब. एवढं एक तुमचंच बराबर असू द्या."