सायकलले लाइट कोणता घ्यावा?

जी माणसं वर्षानुवर्षं एकाच रस्त्यानं जातात-येतात, त्यांना गोष्टी जमवाव्या लागत नाहीत. त्या आपोआप जमतात. आमच्या शेडवर दिवसभर काम एकच: संत्री निवडायची, प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये भरायची, गाडीत चढवायची. संत्रं काही बोलत नाही, म्हणून आम्हीच बोलतो. अन् काल संध्याकाळी घरी जाताना काय झालं, एवढा विषय दिवसभराला पुरतो!

शेड सौंसरच्या बाहेर, रामाकोन्याच्या रस्त्याला. मी तिथे गेटपास लिहिते. सायकलवाले आम्ही चौघं. मी, निवडणीवरचे धोटेकाका, त्यांच्या बाजूला बसणारी वंदना, अन् गाड्या भरणारा नरेश. संत्र्याचा जोर असतो नेमका हिवाळ्यात, त्यामुळे सुट्टी होते तेव्हा दिवस बुडून गेलेला असतो. रस्त्यावर खांब आहेत. दिवे कुठे आहेत ते विचारू नका.

तर ह्या गोष्टी आमच्या सायकलींच्या लाइटच्या.

* * *

आधी आमच्यापैकी कोणाच्याच सायकलीला लाइट नव्हता. रोजचाच रस्ता, एवढंसं तर जायचं, लाइट कशाला, असा सगळ्यांचा हिशेब.

एका संध्याकाळी मी निघाली. अर्ध्या वाटेवर आठवलं की जेवणाचा डबा शेडवरच राहिला. वळवली सायकल. अंधार चांगलाच पडला होता म्हणून मी घंटी वाजवत वाजवत येत होती. वाजवतेय, वाजवतेय, अन् एकदम धाडकन! मी नालीत. माझ्या अंगावर सायकल. सायकलीवर आणखी एक सायकल!

अंधारातून आवाज आला, "कोन होय बे?"

आवाज धोटेकाकांचा.

"काका, मी मंगला!"

"अवं मंगला, तू त कवाचीच पुढे गेली होती नं?"

"डबा राह्यला होता. पन काका, मी एवढी घंटी वाजवून राहिली होती, ऐकू नाही आली का?"

"आली नं! मी बी वाजवून राहिलो होतो. मले वाटलं माहीच घंटी हाये!"

हसू आलं, पण मनगट मोडलं होतं. प्लास्टर चढलं. डाव्या हातानं लिहिलेले माझे गेटपास ड्रायव्हर लोकांना वाचता येईनात, अन् एक गाडी तर पांढुर्ण्याऐवजी छिंदवाड्याकडे निघाली होती!

तसं लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. घंटी सांगते की कोणीतरी आहे. कुठे आहे ते ती सांगत नाही. ते सांगायला उजेडच लागतो.

* * *

प्लास्टर सुटल्यावर मी अन् वंदना सौंसरच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार बोलका माणूस. काउंटरवर सात-आठ लाइट मांडले. हा घ्या, तो घ्या. एक उचलून म्हणाला, "हा पाहा ताई, वॉटरप्रूफ!"

मी म्हटलं, "खरंच का? तुमची ती बाल्टी भरलेली हाये. टाका बरं त्यात."

त्यानं लाइट मागे घेतला. "ताई, वॉटरप्रूफ हाये, बाल्टीप्रूफ नाही!"

दुकानात सगळेच लाइट सारखे दिसत होते. भर दिवसाच्या उजेडात काय कळणार? तेव्हा वंदना म्हणाली, "भाऊ, तुमच्या मागच्या खोलीत अंधार हाये का?" दुकानदार आम्हाला टायर ठेवायच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं अन् एकेक लाइट लावून पाहिला. मोठ्या महागाच्या लाइटचा गोळा सरळ लांबच्या भिंतीवर गेला. पायाशी काळोखच. एका लहानशा लाइटचा उजेड मात्र जमिनीवर पसरला, चटईसारखा.

दुकानदार म्हणाला, "मोठा घ्या, लांबचं दिसते."

वंदना म्हणाली, "मले लांबचं काय कराचं? माह्या सायकलीचा स्पीड किती? चाकापुढचं दिसलं पाह्यजे, अन् समोरच्याले समजलं पाह्यजे का बाई येऊन राहिली."

आम्ही दोघींनी तोच लहान घेतला. मोबाइलच्या वायरनं चार्ज होणारा, रबरानं हँडलला बांधायचा, उतरल्यावर काढून पिशवीत टाकायचा. आमच्या खिशाला झेपणारा.

* * *

नरेशला हे पटलं नाही. नरेश म्हणजे कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी रात्रभर मोबाइलवर तिचे व्हिडिओ पाहणारा माणूस. त्यानं ऑनलाइन लाइट मागवला. डबा उघडला तर सायकलीपेक्षा लाइटच भारी! लावला अन् काय सांगू, शेडची समोरची भिंत पांढरी झाली. बाजूच्या झाडावरचे बगळे उठले.

त्या संध्याकाळी आम्ही सोबतच निघालो. समोरून येणारे मोटारसायकलवाले लांबूनच गाडी खाली उतरवून उभे राहायचे. नरेश खूश. "पाह्यलं ताई? इज्जत हाये आपली!"

मग समोरून एक म्हातारा सायकलवाला आला. मागे गवताचा भारा. तो थांबला, खाली उतरला, डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. नरेश जवळ गेल्यावर शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमाले सगळा रस्ता दिसून राहिला. चांगलं हाये. पन आमाले तुमी बी दिसत नाही, अन् आमचा रस्ता बी गेला!"

घरी जाऊन नरेशनं लाइटचं तोंड खाली वळवलं अन् वरच्या अर्ध्या काचेला काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणे, "आता अर्धाच वापरतो. बाकीचा अर्धा लोकाइचा हाये."

* * *

त्याच लाइटची दुसरी गोष्ट. सायकलवर ठेवला तर चोरी जाईल म्हणून नरेश तो काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. लोधीखेड्याला एका लग्नात गेला, तेव्हाही खिशातच.

मंगलाष्टकं सुरू झाली. गर्दीत कोणाचं तरी कोपर लागलं अन् खिशातलं बटण दाबलं गेलं. तेही लुकलुक करणारं! नरेशची छाती लागली उजळायला अन् विझायला. पोरं हसायला लागली. फोटोवाला ओरडला. नरेशला वाटलं आपल्या नव्या सदऱ्याकडेच पाहून राहिले सगळे, म्हणून तो आणखी ताठ उभा!

शेवटी भटजी थांबले. म्हणाले, "भाऊ, आधी ते विझवा, मंग सावधान म्हनतो!"

* * *

धोटेकाकांची गोष्ट मात्र हसण्याची नाही. म्हणजे शेवटी हसलो, पण आधी नाही.

काकांनीही आमच्यासारखाच लाइट घेतला. दुसऱ्याच दिवशी तक्रार. "हा कामाचा नाही. उजेडच पडत नाही." बदलून आणला. तोही नाही चालला. मग नरेशनं आपला मोठा लाइट चिकटपट्टी काढून दिला. काका म्हणाले, "हा बी पिवळाच. अन् याच्या भोवती रंगीत गोल गोल काय दिसते?" दुकानदाराला त्यांनी मनसोक्त शिव्या दिल्या. मग सायकल हातात धरून पायीच घरी जायला लागले. विचारलं की म्हणायचे, "पाय मोकळे होते."

मी नुसती ऐकत होती. वंदनाला मात्र वेगळं काही माहीत होतं. एके दुपारी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, काकाच्या कॅरेटमंधी हिरवे फळं चालले हायेत. मी बदलवून देतो, पन रोज रोज कसं जमन?"

धोटेकाका म्हणजे पिकलेलं फळ नुसत्या रंगावरून ओळखणारा माणूस. त्यांनी निवडलेला माल मालक कधी उघडून पाहत नसत.

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत पायी निघाली. म्हटलं, "काका, लाइट लय झाले. आता डोळे दाखवू."

काकांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "दाखवाले काय जाते वं? पन मालकाले समजलं का धोटेले दिसत नाही, त निवडणीवर कोन ठेवन मले? दुसरं काय येते मले?"

मी सोबत चालत राहिली. फाट्यावर आल्यावर ते आपणच थांबले अन् म्हणाले, "वंदना फळं बदलवते, मले माहीत हाये. दिसत नाही, पन हात समजतात नं."

मग मालकांना त्यांनी स्वतःच सांगितलं. मालकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाले, "धोटे, मले वाटलं तुमचं कामात मन नाही राह्यलं. विचाराची हिंमत नाही झाली. जा, डोळे करून या. जागा तुमचीच हाये."

काकांची मुलगी पांढुर्ण्याला दिलेली आहे. तिच्याकडे राहून मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी काका परत आले. काळा चष्मा उतरवल्यावर पहिल्यांदा सायकलवर बसले ती संध्याकाळ आठवते. तोच पहिला लहान लाइट हँडलला बांधलेला. आम्ही सगळे शेडच्या फाटकाशी उभे. काका थोडं पुढे गेले अन् ब्रेक मारून थांबले. आम्ही घाबरून धावलो.

काका चाकापुढे पाहत होते. म्हणाले, "मंगला, हा रस्ता एवढा खराब होता का वं? दिसत नव्हता तेच बरं होतं!"

* * *

आता वंदनाचं सांगते.

वंदना रामाकोन्याच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. घरी ती अन् सासू. शेडवर कामाला लागली ती सासूला न विचारता. त्या दिवसापासून सासूनं तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त अबोला. संत्र्याचे दोन सीझन गेले तरी तो सुटला नाही. काही सांगायचंच असलं तर म्हातारी अंगणातल्या कोंबडीला सांगायची, "तेल संपलं वं बाई." अन् वंदनाही कोंबडीलाच उत्तर द्यायची, "उद्या आनीन म्हना!"

वंदनाच्या लाइटचं आम्हाला मोठं नवल. नरेशनं एकदा विचारलं, "ताई, तुमी चार्जिंग कवा करता?"

"मी त कधीच नाही केलं. घरी गेलं का सायपाक, जेवन, अन् झोप. चांगला निघाला बाप्पा हा लाइट, उतरतच नाही!"

नरेशचा विश्वास बसेना. त्यानं त्याच दुकानातून तसाच लाइट आणला. चार्जिंग न करता दोन-तीन दिवसांत बंद! दुकानदाराशी भांडून आला. दुकानदार म्हणे, "एकाच खोक्यातले हायेत दोन्ही!"

गेल्या हिवाळ्यात वंदनाच्या लाइटचं रबर तुटलं. दुसऱ्या दिवशी ती लाइट न घेताच आली. सुट्टी झाली, आम्ही फाटकाशी होतो. दिवस बुडाला होता, थोडा उजेड उरला होता. तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारी पायी येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात चालू लाइट. वंदना एकदम सरळ उभी राहिली.

म्हातारी माझ्यासमोर येऊन थांबली. वंदना माझ्या बाजूलाच, सायकल धरून.

"तुमीच मंगलाबाई नं?"

"हो."

"हिले सांगा, लाइट घरी राह्यला होता."

मी वंदनाकडे पाहिलं. ती हँडलकडे पाहत म्हणाली, "त्याइले सांगा, रबर तुटलं म्हनून नाही आनला."

"हिले सांगा, रबर तुटलं, लाइट नाही तुटला. हातात धरता येते. फुल चार्ज हाये. मीच रोज करून ठेवतो, तसाच राती करून ठेवला होता."

नरेशनं तोंड उघडलं. धोटेकाकांनी त्याच्या पायावर पाय दिला.

वंदनानं सासूच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याइले सांगा, एवढ्या लांब पायी कायले आल्या?"

मी चहा घ्या म्हटलं तर म्हातारीनं उभ्या उभ्या अर्धा कप घेतला. अंधार वाढत होता. दोघी जागच्या हलेनात. शेवटी मीच आभाळाकडे पाहून म्हटलं, "अंधार पडून राहिला बाप्पा. कोनीतरी कोनाले बसवून घेऊन जा!"

वंदनानं पदरानं कॅरिअर पुसलं. म्हातारी एका बाजूला पाय सोडून बसली. एक हात सीटला, दुसऱ्या हातातला लाइट वंदनाच्या कमरेपासून पुढे काढलेला. सायकल डगमगली, मग सरळ झाली. उजेड रस्त्यावर हलत हलत चालला. आम्ही तिघं पाहत उभे. दोघींपैकी कोणी एक शब्द बोललं नाही. वळणावर उजेडही दिसेनासा झाला.

अन् मग अंधारातून म्हातारीचा आवाज आला, चांगला खणखणीत:

"वंदना! म्हैस हाये वं पुढे, म्हैस!"