अख्ख्या वस्तीचा होकार

आधी माफी मागतो. आपल्या कळंबची माणसं मुंबई-दुबईपर्यंत गेली, घर सोडण्याबद्दल त्यांनी लिहावं. मी पहिल्यांदा गेलो तो बारामतीपर्यंत, एसटीनं तासाभराच्या वाटेवर. एवढ्याला घर सोडणं म्हणतात का, मला नक्की सांगता येत नाही. शिवाय जे सांगायचं आहे त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तरी गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनी हे वाचावं असं वाटतं.

बारावी झाल्यावर आबा, माझे वडील, मला स्टँडवर सोडायला आले. पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः टपावर चढवली. गाडी हलणार तेवढ्यात खिडकीशी येऊन म्हणाले, "आत्याकडं पाव्हन्यावानी ऱ्हाऊ नगंस. पानी भर, केर काढ." आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. तिथं कसं वागायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं.

पारूआत्या बारामतीत स्टँडमागच्या वस्तीत राहायची. नवरा वारलेला, मुलगी सुनंदा सातवीत. पहाटे पाचला आत्या जवळच्या खाणावळीत भाकरी थापायला जायची. घर एका खोलीचं. मी आल्यावर त्या दोघी चुलीकडच्या बाजूला झोपू लागल्या आणि खिडकीची जागा माझी झाली. शेजारचे भिकातात्या ओट्यावर बसलेले असायचे. मी दिसलो की म्हणायचे, "काय कॉलेज, जयभीम. कलेक्टर व्हायला किती दिस ऱ्हायले?" मी लाजून म्हणायचो, "हायेत अजून, तात्या." वर्षभरात वस्तीतलं प्रत्येक घर मला नावानं ओळखू लागलं.

दुसऱ्या वर्षी होस्टेल मिळालं. खोलीत दुकानदारांची, बागाईतदारांची पोरं होती. एकानं विचारलं, "इथं बारामतीत तुझं कोणी आहे का?" मी म्हणालो, "कोणी नाही." का म्हणालो, ते तेव्हाही कळलं होतं. त्यानंतर रविवारी आत्याकडे जाताना मी लांबच्या वाटेनं जाऊ लागलो.

त्याच वर्षी ती वस्ती हलवायची योजना निघाली. शहराबाहेर कालव्यापलीकडच्या माळावर पक्की घरं मिळणार होती. रहिवाशांचा पाठिंबा किती आणि सहभाग किती हे मोजायचं काम एका संस्थेनं आमच्या वर्गाला दिलं. छापील फॉर्म होते. योजना मान्य आहे का? बैठकीला याल का? श्रमदान कराल का? पुढं होय आणि नाही अशा दोन चौकटी. सरांनी बजावलं होतं, "उत्तर काही येवो, आलं तसं लिहा. मार्क नीट भरलेल्या फॉर्मला आहेत, उत्तराला नाहीत."

आत्याच्या घराकडचा भाग माझ्या वाट्याला आला. मला दुसरा भाग मागून घेता आला असता, पण मग कारण सांगावं लागलं असतं. म्हणून आदल्या रविवारी मी आत्याकडे गेलो. सर्व्हे म्हणजे काय हे समजावत बसण्यापेक्षा सोपं म्हणून सांगितलं, "आम्ही वस्तीत प्रश्न विचारायला येणार आहोत. माझं परीक्षेचं काम आहे." मग म्हणालो, "माझ्याबरोबर पोरं असतील. तेव्हा..."

पुढचं मला बोलवेना. आत्या परातीतलं पीठ मळत होती. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "कळलं मला. ये तू."

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आत्याच्या दाराशी उभं राहून मी विचारलं, "बाई, आपलं नाव?" तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारखं पूर्ण नाव सांगितलं. घरात माणसं किती? "दोघी." योजना मान्य आहे का? "व्हय सायेब." बैठकीला याल? "येऊ की." माझ्या सख्ख्या आत्यानं मला सायेब म्हटलं आणि मी मान खाली घालून चौकटीत खूण केली.

भिकातात्यांनी मला बघून सवयीनं हात वर नेला होता. तो मधेच थांबला, त्याचा नमस्कार झाला. "या सायेब, बसा," म्हणाले. जयभीम त्यांनी गिळला. माझी जात, माझं घर, माझी ओळख त्या म्हाताऱ्यानं मी न सांगताच झाकून ठेवली. दारोदार असंच झालं. वर्षभर मला चहा पाजणाऱ्या बायका मला ओळखत नव्हत्या, आणि प्रत्येक घरातून होकार येत होता. बरोबरचा पोरगा हसत म्हणाला, "एवढा होकार तर माझ्या लग्नालापण मिळायचा नाही."

मला तेव्हा हायसं वाटत होतं, हे सांगायला सगळ्यात जड जातं. आपली माणसं राहत्या जागेवरून इतक्या सहज उठत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी एकाही दारात मी "का?" असं विचारलं नाही. सरांनी वर्गात माझे फॉर्म दाखवले. एवढा एकमुखी पाठिंबा कुठंच नव्हता.

पुढं मी पुण्याला आलो. लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका ऑफिसात लागलो. सॅम्पल, रिस्पॉन्स, टक्केवारी हे शब्द आता माझ्या तोंडात इतके बसले आहेत की कळंबला गेलो तरी मधेच निसटतात आणि आबा विषय बदलतात. मी निघून गेल्यावर वस्ती माळावर गेली. तिथून पहाटे पाचला खाणावळीत पोहोचायला वाहन नव्हतं. आत्याचं काम सुटलं. ती माळावरच्या उसात खुरपायला जाऊ लागली, त्या वयात. आबांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "पण सगळ्यांनी हो म्हटलं होतं, आबा. मी स्वतः लिहून घेतलंय." ते म्हणाले, "व्हय. तूच लिवलंस."

सगळ्यांनी हो म्हटलं होतं, या माझ्या वाक्याच्या आधारावर मी पुढं बरीच वर्षं काढली. पुण्यात कोणी घर कुठं विचारलं की कळंब सांगतो, पण झोप लागताना डोळ्यांपुढं आत्याची खिडकीकडची जागा येते. ती जागा आता नाही, आणि ती जाण्याच्या कागदावर अक्षर माझं आहे. तरी होकार त्यांचा होता, असं मी स्वतःला सांगत आलो.

गेल्या महिन्यात सुनंदाचं आंतरदेशीय पत्र आलं. ती आता शाळेत शिकवते. तिनं लिहिलं होतं:

"दादा, आईनं सांगू नको म्हणून शपथ घातली होती. तुम्ही येणार त्याच्या आधी तात्यांच्या ओट्यावर सगळ्यांचं ठरलं होतं, नाही म्हणायचं. मग तू येऊन परीक्षेचं सांगून गेलास. आई घरोघर फिरली. म्हणाली, आपल्या पोराचा पेपर हाय, कुनी न्हाय म्हनू नगा, त्याचं तेवढं उत्तर चुकंल. तात्या म्हणाले, पारू, घरं जात्याल. आई म्हणाली, मग पोराला नापास करताय का? शेवटी सगळ्यांनी होय म्हणायचं ठरवलं. दादा, आई अजून मधूनमधून विचारते, त्या पेपरात तुला किती मार्क पडले. मी तिला काय सांगू?"