विषय : महिलांच्या सामन्यांची वेळ

गेल्या हंगामात मी आमच्या फुटबॉल लीगच्या समितीला अकरा पत्रे लिहिली. अकराही पत्रांच्या प्रती, पोचेच्या शिक्क्यांसह, माझ्या कपाटातील निळ्या फाइलमध्ये आहेत. बारावे पत्रही त्याच फाइलमध्ये आहे, पण त्याखाली माझी सही नाही. ते कसे घडले, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ही उपनगरांतील हौशी खेळाडूंची लीग आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आणि मालाडपलीकडे थेट मनोरीपर्यंतची मंडळे तिच्यात आहेत. प्रत्येक मंडळाने पुरुषांचा एक आणि महिलांचा एक असे दोन संघ उतरवायचे, हा तिचा मूळ नियम. खेळणारे सगळे नोकरीधंद्याचे, त्यामुळे सामने रविवारी. माझी सून मुलुंडच्या महिला संघाची कर्णधार आणि गोलरक्षक. मी स्वतः आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. परंतु दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे कारकुनी केलेली असल्यामुळे मंडळाने नियमांची पुस्तिका माझ्या हवाली केली आणि सामन्याच्या दिवशी टेबलाशी बसण्याचे काम दिले.

पुस्तिका मी दोनदा वाचली. मग मैदानावर काय चालते ते पाहिले आणि माझे डोके फिरले. पुरुषांचे सामने सकाळी सातला आणि नऊला, महिलांचे ‘त्यानंतर’. हा ‘त्यानंतर’ प्रत्यक्षात दुपारी साडेबारा-एकला उगवत असे, कारण पुरुषांचे संघ आरामात, चहा पिऊन येत आणि पंच त्यांच्यासाठी थांबत. मार्चमधल्या एका रविवारी माझी सून दुसऱ्या सत्रात गोलखांबाला धरून खाली बसली आणि तिथेच ओकली. तिचे हातमोजे मी काढले तेव्हा ते धुऊन काढल्यासारखे ओले होते. त्या संध्याकाळी मी पहिले पत्र लिहिले.

पहिली तीन पत्रे विनंतीची होती. चौथ्यात मी समतेचा मुद्दा मांडला. सहावे पत्र उशिरा येणाऱ्यांविषयी होते. नियमात पंधरा मिनिटांची सवलत आहे; तेवढ्या वेळात सात खेळाडू मैदानात नसतील तर समोरच्या संघाला सामना बहाल करावा, असे स्पष्ट लिहिलेले असताना पंच अर्धा-अर्धा तास वाट पाहतात, हे मी निदर्शनास आणून दिले. “सोळावे मिनिट कोणाच्या बापाचे नाही,” असेही त्यात लिहिले होते. ते वाक्य सुनेने खोडायला लावले.

अकराव्या पत्रानंतर समिती नमली. नव्या हंगामापासून महिलांचे सामने सकाळी सातला, पुरुषांचे त्यानंतर; आणि पंधरा मिनिटांच्या सवलतीनंतर कोणाचीही गय नाही. तो ठराव मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. पत्नी म्हणाली, “झाला एकदाचा तुमचा निकाल? आता निदान जेवताना तरी त्या समितीला ताटावर बसवू नका.”

पुढचा प्रसंग कांजूरमार्गच्या मैदानावरचा. त्या मैदानाचा दोष एवढाच, की वारा फिरला की कचराभूमीचा वास येतो. त्या सकाळी वारा बरा होता. आमच्या मुली साडेसहालाच आल्या होत्या. समोरचा संघ मनोरीचा, आणि त्यांचे कोणीच आलेले नव्हते.

पंच एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत, स्वभावाने शांत. घड्याळ पाहत ते म्हणाले, “काका, हा सामना गेला तर मनोरी बाद. बोरिवलीविरुद्ध एक असाच गेलाय. दोन वेळा आले नाहीत की संघ हंगामातून बाहेर. आणि महिलांचा संघ नाही म्हटल्यावर पुरुषांचाही.”

“पण येत का नाहीत?” मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

“रविवार ना! मासळीचा सगळ्यात मोठा दिवस. पहाटे होड्या लागतात. माल निवडायचा, बर्फात भरायचा, तरीतून खाडी ओलांडून या काठाला आणून मालाडच्या बाजारात पोचवायचा, मग निघायचं. दुपारचे सामने त्यांना बरोबर जमायचे.” मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज विचारले, “तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हते. अकरा पत्रांपैकी एकही लिहिण्यापूर्वी मी मनोरीला विचारले नव्हते. खरे सांगायचे तर कोणत्याच संघाला विचारले नव्हते.

सात वाजून आठ मिनिटांनी सुनेचा फोन वाजला. मनोरीच्या मुली टेम्पोत होत्या आणि टेम्पो पवईच्या पुढे अडकला होता. तिने फोन ठेवला आणि माझ्या टेबलाशी आली.

“बाबा, दोन्ही संघ मैदानात नसतील तर नियम काय म्हणतो?”

मला पुस्तिका उघडावी लागली नाही. “दोन्ही संघ मैदानात अनुपस्थित असल्यास पंचांनी त्याच दिवशी पुढील वेळ ठरवून सामना घ्यावा.”

ती वळली आणि ओरडली, “चला गं सगळ्या! रेषेच्या बाहेर या.”

आमची डावीकडून खेळणारी मुलगी जागची हलली नाही. “ताई, तीन गुण मिळतायत यार, नुसतं उभं राहून! हे मिळाले की आपण उपांत्य फेरीत. हरलो तर वाट लागली ना!”

“नुसतं उभंच राहायचं होतं तर घराच्या गॅलरीत राहिले असते. पहाटे पाचला उठून डबा केलाय मी. ये बाहेर!”

ती कुरकुरत बाहेर आली. सगळ्याजणी मैदानाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. सव्वासात झाले. पंचांनी शिट्टी वाजवली, रिकाम्या मैदानाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

“मुलुंडतर्फे काही हरकत?”

हा प्रश्न मला विचारला जावा, याचा मला राग आला. खेळाडू समोर बसलेल्या असताना त्यांना अनुपस्थित म्हणणे ही सरळसरळ पळवाट होती, आणि अशा पळवाटा काढणाऱ्या वकिलांचा मी आयुष्यभर तिरस्कार केला आहे. परंतु नियमात शब्द होता ‘मैदानात’, आणि मैदानात कोणी नव्हते. शिवाय मला माझे सहावे पत्र आठवत होते.

“हरकत नाही,” मी म्हणालो.

“लिहून द्या.”

मी लिहून दिले. सामन्याची नवी वेळ साडेआठ ठरली.

मनोरीचा टेम्पो आला तेव्हा आठ वाजायला आले होते. थर्माकोलच्या रिकाम्या पेट्यांमधून वाट काढत मुली उतरल्या. काहींच्या मनगटांवर मासळीचे खवले अजून चमकत होते. त्यांची कर्णधार चाळिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई, आघाडीला खेळते. काय घडले ते सुनेने तिला सांगितले असावे, कारण ती सरळ माझ्या टेबलाशी आली.

“पत्रंवालं काका तुमीच का?”

“हो.”

“आमाला इचारलं व्हतं?”

“नाही.”

“आमच्या घरातले बापयेबी असंच करतात. आमच्या भल्याचं ठरवून मोकळे!” आणि ती मोकळेपणाने हसली. “काका, उनाची आमाला सवय हाय. माल टाकून यायची नाय.”

“मला नाही सवय उन्हाची,” सून म्हणाली. “मार्चमध्ये मी पडले होते.”

“तूच का ती? मंग चारला खेळू.”

“चारला मैदान क्रिकेटवाल्यांकडे असतं,” पंच म्हणाले.

“मंग क्रिकेटवाल्यांना पत्र लिवा की काका! हात चालतो ना तुमचा.”

भोवतालच्या सगळ्या हसल्या. मी हसलो नाही, परंतु वाईटही वाटले नाही.

सामना झाला. मनोरी दोन, मुलुंड एक. दोन्ही गोल त्या कर्णधार बाईने माझ्या सुनेला चकवून मारले. दुसरा गोल ऑफसाइड होता, असे माझे मत आजही आहे; तक्रार मी केली नाही. आमचा संघ उपांत्य फेरीत गेला नाही. डावीकडून खेळणारी मुलगी त्या दिवशी सुनेशी एक शब्दही न बोलता घरी गेली, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही.

पुरुषांचा सामना सुरू असताना टेम्पोच्या मागे, एका पालथ्या पेटीवर कागद ठेवून मी बारावे पत्र लिहिले. दोन्ही कर्णधार सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. नोकरीत मी हेच केले होते. इतरांची जबानी उतरवून घेणे. महिलांच्या सामन्यांची वेळ दोन्ही संघांना विचारून ठरवावी. एकमत न झाल्यास दुपारी चार. मैदान मिळवून देणे ही समितीची जबाबदारी. मी एक कलम माझ्या मनाने घालू पाहिले, तेव्हा मनोरीची कर्णधार म्हणाली, “ते कोण बोललं? मी नाय बोलले.” मी ते खोडले. खाली दोघींनी सह्या केल्या. त्या कागदाला काही काळ बांगड्याचा वास येत होता.

आठ दिवसांत उत्तर आले. चारची वेळ मान्य झाली, मैदानही मिळाले, आणि मनोरीचा संघ लीगमध्ये राहिला. उत्तर दोन्ही कर्णधारांच्या नावे होते. मला अकरा पत्रांनंतर जे मिळाले, ते त्यांना एका पत्रात मिळाले, याची नोंद मी करून ठेवतो.

मात्र त्या उत्तरावर जावक क्रमांक नव्हता. जबाबदार समितीने असा कागद बाहेर पाठवणे अक्षम्य आहे. त्याविषयी मी त्याच दिवशी सविस्तर पत्र लिहिले, पाकिटात घातले, तिकीट लावले. मग ते घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि सुनेला विचारले.

तिने कणीक मळता मळताच ऐकून घेतले आणि म्हणाली, “राहू दे बाबा.”

ते पाकीट फाइलमध्ये आहे.