नसलेल्या हिवराला वळसा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मेहकरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं मशीनच्या पोटात हात घालून बसलेला माणूस मी! पण गेल्या आषाढात, सकाळी दहाच्या लख्ख उजेडात, पस्तीस-चाळीस माणसांसमोर जे घडलं... ते आठवलं की मला भीती वाटत नाही, भयंकर आनंद होतो.

माझ्या कमळामावशीचं शेत बीबी गावाजवळ, डांबरी रस्त्याला लागून आहे. शेजारी भास्करराव. दोन्ही शेतांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हिवराचं एक जुनं, काटेरी झाड होतं. मावसाजी गेले आणि वर्षाच्या आत भास्कररावांनी ते तोडून बुंधासुद्धा उपटला. मग धुरा पिकाच्या बारा ओळी मावशीकडे सरकवला. खूणच नाही, तर भांडणार कशावर? मोजणी म्हटलं की भास्कररावांचं एकच, “पाहू, पाहू.”

त्या दिवशी त्यांनी सोयाबीनवर तणनाशक फवारायला ड्रोन बोलावलं. चालवणारी वडनेर भोलजीची एक मुलगी, संगीता. भास्कररावांनी रिमोट घेऊन स्वतः कोपरे नोंदवले — मावशीच्या बारा ओळी धरून! वर सगळ्यांसमोर गरजले, “पाहून घ्या, कमळाबाई! ही सॅटेलाइटवाली मशीन हाये. आपोआप चालते, माणसावानी खोटं बोलत नाही. जिथलोक ते जाईन, तिथलोक माही जमीन!”

मावशी शांतपणे म्हणाली, “चारचौघांत बोलून राह्यले ना?”

“हाव!”

ड्रोन उडालं. भुंग्यासारखं घूं-घूं करत सरळ आलं... आणि जुन्या धुऱ्यावर हवेतच थांबलं. रिमोट टीं-टीं करायला लागला.

“भाऊ, समोर झाड दाखवून राह्यलं,” संगीता म्हणाली.

“कुठी हाये झाड वं? मीच तं तोड—” भास्कररावांनी उरलेला शब्द गिळला. लोकांनी मात्र तो पूर्ण ऐकला होता.

तिनं ड्रोन उतरवलं, सेन्सर पुसला, रस्त्याच्या बाजूला फिरवून पाहिलं. तिकडे छान उडालं. परत इकडे आणलं — त्याच जागी थांबलं! तिसऱ्यांदाही तेच. “पुढं अडथळा असला की मी नेत नाही, भाऊ,” म्हणून तिनं बाकीचं शेत फवारलं. त्या बारा ओळी तशाच राहिल्या.

भास्कररावांचं डोकं फिरलं. “थांबा, मी दाखवतो!” म्हणत ते तणतणत त्या जागेकडे निघाले. दोन्ही हात हवेत फिरवत ओरडले, “पाहा! हाये का काही?”

आणि चालता चालता... ते वाकले! हिवराच्या फांदीखालून जाताना वर्षानुवर्षं वाकायचे, अगदी तसेच. मान आत, हात डोक्यावर.

मग मावशीचा आवाज आला, “काऊन वाकले हो, भास्करराव? काटा रुतला का?”

लोक जे हसले! मी तर बांधावरच बसलो, पोट धरून.

चारचौघांत दिलेला शब्द. गावानं तो सोडला नाही, भास्कररावांना मोजणीवर सही करावी लागली. मोजणीवाल्यांचा दगड हिवराच्या खड्ड्यापासून एका पावलावर पडला. बारा ओळी मावशीच्या! शरमेनं भास्कररावांनी तिथं पाय ठेवला नव्हता, त्यामुळे तोवर त्यांत कमरेएवढं तण माजलं होतं. रस्त्यावरून नकाशासारखं दिसायचं. मी ओळखीच्या माणसांना मुद्दाम घेऊन जाऊन दाखवलं.

सेन्सरवर ऊन पडलं असेल, धूळ बसली असेल — मशीनवाला म्हणून सगळं तपासून पाहिलं. एकही कारण पटत नाही. यंदा मावशीनं तेच ड्रोन बोलावलं. मी श्वास रोखून उभा... ते त्या जागेवरून सरळ निघून गेलं!

मी हिरमुसलो. मावशी म्हणाली, “आता कायले थांबंन ते? काम झालं ना त्याचं.”

ड्रोनला आता तिथं काही दिसत नाही. भास्करराव मात्र अजूनही वाकूनच जातात. मला कसं माहीत? अहो, मी मेहकरहून खास बघायला जातो!