फोंतेलाची पालखी

शमिका परदेशी जाणार हे कळल्यावर सगळ्यांत जास्त गोंधळले ते वजीरभाई. उभं तारुण्य कुवेतला क्रेन चालवण्यात घालवलेला माणूस. परदेश म्हणजे काय, हे आमच्या आळीत त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. ते माझ्या बहिणीच्या, सगुणाताईच्या ओटीवर येऊन बसले आणि त्यांनी थेट विचारलं, "पगार काय देतत?"

"पगार नाय, चाचा," शमिका म्हणाली. "राहणं, खाणं नि तिकीट त्यांचं. काम आपलं."

"काम कसलं?"

"डोंगरातला जुना पाट साफ करायचा. ढासळलेले दगडांचे गडगे परत रचायचे."

वजीरभाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग शमिकाच्या वडलांकडं, सदूभावजींकडं. "अगो, पाट नि गडगे तुझ्या बापाच्या गावात कमी हायत काय? त्यासाठी विमानात कशाला बसतेस?"

आम्ही सगळे हसलो. शमिका सगळ्यांत मोठ्यानं हसली. ती तशीच आहे. कुणी चेष्टा केली की तिला आणखी उत्साह चढतो.

मी तिचा मामा. खेड स्टेशनला रिक्षा चालवतो. भावजी लोट्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आठवड्याला पाळी बदलते, घरातली झोप बदलते. त्यांचं मूळ गाव वर घाटाच्या अंगाला, तिथं भातशेती आणि थोडे काजू. शमिका एकुलती एक. बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा दिली आणि कॉलेजातल्या मॅडमनी तिला या शिबिराचं सांगितलं. पोर्तुगालमधलं एक डोंगरी गाव, फोंतेला. तरणी माणसं बाहेर गेली, गाव ओस पडलं. उन्हाळ्यात देशोदेशीची मुलं तिथं येऊन पडलेलं उभं करतात. मुलाखत व्हिडिओवर झाली. घरात रेंज नाही म्हणून ही गच्चीवर जाऊन बसली होती, आणि आठवड्यानं निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा त्याच गच्चीवरून ती अशी धडधडत खाली आली की ताईला वाटलं माकडं आली.

इथं जूनमध्ये भाताच्या पेरण्या, आणि ही म्हणे, मी उन्हाळ्याला चालले.

एकदा जायचं ठरलं म्हटल्यावर वजीरभाईंनी सगळी सूत्रं हातात घेतली. बॅग त्यांनीच भरली. मुठीला लाल रिबन बांधली, म्हणजे पट्ट्यावर लांबून ओळखता येईल. "विमानतळावर सगळे धावत असतत," ते म्हणाले, "तू धावू नको. फलक वाच. नाय समजला तर गणवेशवाल्याला विचार. लाजायचं नाय." ताईनं कोकम, कुळथाचं पीठ आणि तिरफळं भरली. वजीरभाईंनी तिरफळं दोनदा बाहेर काढली, ताईनं तिसऱ्यांदा आत घातली.

तिथून तिचे निरोप यायला लागले, बोललेले, लांबच्या लांब. ताई भाकऱ्या थापताना फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ऐकायची. पहिल्या निरोपात शमिका धापा टाकत सांगत होती, "आई, इथं पहिल्याच संध्याकाळी तारल्या! निखाऱ्यावर भाजलेल्या, नुसतं मीठ. आणि सोबत पाव. पावाला इथं पावच म्हणतात गो!"

दुसऱ्या दिवशी पाटावर काम सुरू झालं. शिबिराचा प्रमुख रुई नावाचा तरुण. तो वरून ओरडला, "बाल्द! बाल्द!" बाकीची मुलं एकमेकांकडं बघत राहिली, आणि शमिकानं सरळ बादली उचलून वर दिली. रुई थक्क. तिलाही आधी कळलं नाही आपण काय केलं ते. मग दिवसभर दोघांचा खेळच झाला. तो शब्द म्हणायचा, ही तिचा म्हणायची. बटाटा जुळला, चावी जुळली, मेज जुळलं. रात्री जेवताना सगळी पोरं तिच्याकडून मराठी शब्द मागून घ्यायला लागली.

गावात म्हातारी माणसंच जास्त. त्यांतली अमेलियाबाई म्हणजे गावाचा कारभारच. सत्तरी ओलांडलेली, काळे कपडे, आवाज मोठा, डोंगरावरच्या देवळाची चावी कमरेला. शमिकाशी तिची पहिली भेट भांडणानं झाली. ही दगड घेऊन येताना चुकून तिच्या शेंगांच्या वाफ्यात पाय देऊन गेली. बाईनं जे तोंड सोडलं त्यातला एक शब्द समजला नाही, पण अर्थ सगळा समजला. शमिकानं खाली बसून दबलेली रोपं एकेक करून सरळ केली, मातीनं टेकू दिले. बाई वर उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि मक्याच्या पावाचा मोठा तुकडा आणून हिच्या हातात कोंबला. चेहरा मात्र तसाच रागीट.

अमेलियाबाईचा नवरा फ्रान्समध्ये कामाला होता, तिथंच वारला. दोन मुलगे जिनिव्हाला बांधकामावर. वर्षातून एकदा, ऑगस्टमध्ये जत्रेला येतात. शमिकानं हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "म्हणजे चाकरमानीच की गो!"

जुलै संपता संपता पाटाचं काम पुरं झालं. वर झऱ्याशी रुईनं पाटाचं दार उचललं. बाकीचे वर उभे राहून टाळ्या वाजवत होते, शमिका पाण्याबरोबर खाली धावत सुटली. पाणी पुढं सरकायचं, सुकी पानं, माती ढकलत, कुठं अडायचं, तिथं ही हातानं केर काढायची आणि पुन्हा धावायची. मधे एकदा पाय पाटात गेला, गुडघा फुटला, तरी थांबली नाही. तो व्हिडिओ तिनंच धावत धावत काढलाय, त्यात निम्मं आभाळ आहे, निम्मे तिचे पाय, आणि सगळ्यात तिचं ओरडणं, "आलं! आलं! आलं!" पाणी अमेलियाबाईच्या टोमॅटोंशी पोचलं तेव्हा बाई दारातच उभी होती. ती म्हणाली, पाणी गढूळ आहे. आणि हिला मिठीत घेऊन असं दाबलं की श्वास कोंडला.

मग ऑगस्ट आला, आणि गाव ओळखू येईना. फ्रान्सच्या, स्वित्झर्लंडच्या पाट्यांच्या गाड्या अरुंद गल्लीत अडकू लागल्या. बंद घरांच्या खिडक्या उघडल्या, गाद्या उन्हात पडल्या, पोरं परकी भाषा बोलत आज्यांच्या गळ्यात पडली. फोंतेलाच्या देवीची जत्रा. डोंगरावरच्या देवळातून देवीला लाकडी पालखीत बसवतात, फुलांनी मढवतात आणि उतारावरून खाली गावातल्या चर्चमध्ये आणतात. पालखीला तिथं आंदोर म्हणतात. आणि ती उचलतात बायका. आठ बायका.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी नाचताना अमेलियाबाईच्या भाचीचा पाय मुरगळला. आठातली एक कमी झाली. रविवारी सकाळीच बाई शिबिरावर आली, शमिकाला उभी केली, सोबत आणलेल्या दुसऱ्या बाईच्या खांद्याला खांदा लावून बघितला आणि मान हलवली. बाप्यासारखी उंची हिनं भावजींची घेतलीय. रुईनं समजावून सांगितलं तेव्हा शमिकाचे कानच तापले.

जिनिव्हाहून आलेला एकजण पुढं झाला. ही गावची नाही, आपल्या धर्माचीही नाही, असं काहीतरी म्हणाला. अमेलियाबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं. "तू वर्षाला पंधरा दिवस येतोस," ती म्हणाली. "ही पोर उन्हाळाभर आमचा पाट उपसतेय."

तो मागं सरला. रुईनं शमिकाला विचारलं, "तुझ्या घरी चालेल?"

"विचारून सांगते," म्हणून ही फोन घेऊन पळाली.

ताई तेव्हा दुपारची भांडी घासत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "कशी हाय देवी?"

"कडेवर पोर आहे, आई."

"लेकुरवाळी हाय ना? मग घे खांद्यावर. चप्पल काढ हो."

पुढचा फोन भावजींना. ते दुसऱ्या पाळीला निघालेले, कंपनीच्या बसमध्ये. "पप्पा, पालखी कशी धरायची?"

भावजींना आधी ऐकूच येईना. त्यांनी स्पीकर लावला आणि तिथं चूक झाली, कारण ती बस म्हणजे खेड तालुक्यातल्या निम्म्या गावांचे भोई. शिमग्यात प्रत्येकानं आपापल्या ग्रामदेवतेची पालखी नाचवलेली. ड्रायव्हरनं गाणी बंद केली.

"चढ हाय की उतार?" मागून कुणीतरी ओरडला.

"उतार!"

"मग उंच माणसं पुढं घे!"

"टॉवेलाची घडी कर, खांद्यावर टाक!"

"मान दांडीच्या खाली घालू नको गो, बाहेर ठेव!"

"पायाकडं बघू नको. ढोल ऐक, ढोल!"

"ढोल नाय काका, बँड आहे."

"मग बँड ऐक!"

फोन हातोहात शेवटच्या सीटपर्यंत गेला. सुरक्षा विभागातले एक साहेब, जे एरवी कुणाशी बोलत नाहीत, त्यांनीही खांदा बदलायची रीत सांगितली. लोट्याच्या गेटाशी बस उभी राहिली तेव्हा कुठं फोन भावजींच्या हाती आला. ते हळूच म्हणाले, "शमे, मधेच देवी जड होते. तेव्हा घाबरायचं नाय. परत हलकी होते."

संध्याकाळी सगळं गाव डोंगरावर. उंच बायका पुढं घ्या, हे सांगायची शमिकाला गरजच पडली नाही. अमेलियाबाईनं तसंच लावलं होतं, हिला पुढच्या रांगेत उजवीकडं. बार उडाले, बँड सुरू झाला आणि आंदोर उचलला. शमिका सांगते, पहिल्या पावलाला तिला वाटलं आपण मटकन खाली बसणार. दुसऱ्या पावलाला बँड कानात शिरला. मग पायच चालायला लागले, आणि मधूनच शिमग्याची पावलं पडायला लागली, ती तिनं कशीबशी आवरली.

कारंज्याजवळ रस्ता वळतो. तिथले दगड चालून चालून गुळगुळीत झालेत. डावीकडच्या बाईचा पाय सरकला, ती गुडघ्यावर आली आणि पालखी एका अंगाला कलली. वरची एक फुलदाणी खाली येऊन फुटली. बायका किंचाळल्या. शमिकानं गुडघे वाकवून आपली बाजू खाली घेतली, पालखी सरळ झाली, आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मराठीतच पडलं.

"खांदा! खांदा द्या!"

कुणाला मराठी येणार तिथं? पण कडेला उभ्या दोन बायका धावत आत शिरल्या आणि दांडीखाली खांदा लावला. पडलेली बाई उठली. देवी तशीच उभी, कडेवर पोर घेऊन.  मग ड्रमवाल्यानं असा जोरात ठोका दिला की आंदोर आपोआप पुढं निघाला.

त्यानंतर प्रत्येक वळणावर त्या बायका ओरडायला लागल्या. त्यांना 'ख' काही म्हणता येईना. "कांदा! कांदा!" उतारावरून देवी खाली येतेय, मागं बँड, पुढं धूप, आणि सगळ्याजणी घामानं भिजून ओरडताहेत, "कांदा! कांदा!" शमिकाला हसू आवरेना. दांडीखाली ती हसतेय आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, असं रुईनं काढलेल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं. चर्चच्या दारात देवीला तीनदा झुलवतात. ते मात्र हिनं मनासारखं केलं, गुडघ्यातून, अगदी आपल्याकडं झुलवतात तसं. अमेलियाबाई बाजूला उभी राहून पांढरा रुमाल हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ आम्ही ताईच्या ओटीवर बघितला. वजीरभाई म्हणाले, "हे सगळं खरं, पण ह्या बायका कांदे कशाला मागतत?"

सप्टेंबरमध्ये शमिका आली ती काळवंडून, खांद्यावर हिरवा-निळा डाग घेऊन. डाग ती मुद्दाम दाखवत फिरायची. आता लोट्याला एका प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागलीय. सुट्टीच्या दिवशी गावी जाते. तिथल्या चार-पाच पोरांना घेऊन तिनं वरचा पाट उपसायला घेतलाय. अर्धा झालाय, अर्ध्यावर कातळ लागलाय. गावकीच्या बैठकीत तिनं शिमग्याच्या पालखीला मुलींचा खांदा लागावा असंही उभं राहून मांडलं. बराच आवाज झाला. शेवटी भावजी म्हणाले, "माझा खांदा मी हिला देतो. तो तर माझाच हाय ना?" एवढ्यावर सगळ्यांना पटलं असं नाही. पण शिमग्यात भावजींच्या घरापासून पुढच्या वाडीच्या वडापर्यंत सहा मुलींनी पालखी नेली. दोनदा कलली. एकदा तर भलत्याच अंगणात शिरली. देवी मजेत असावी, कारण आम्ही सगळे मजेत होतो.

अमेलियाबाईचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. ती तिच्या भाषेत बोलते, ताई आपल्या. टोमॅटो, गुडघेदुखी, मुलं फोन करत नाहीत, सगळं होतं. परवा बोलणं संपवून ताई माझ्याजवळ येऊन बसली. मुंबईच्या पलीकडं कधी न गेलेली माझी बहीण.

"ती ये म्हणतेय," ताई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"कळतं. आणि काजू झाले की मी मोकळीच हाय. का रे, विमानात खिडकी मागून मिळते काय?"