सायनस धुण्याआधीची माफी

माझ्या गालाच्या हाडात पू साठला, यात माझा काहीच दोष नव्हता. पुढे जे झालं, तो सगळा माझाच दोष.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. वसई रोडच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "सायनस धुवावं लागेल. नाकातून सुई, सुईतून मिठाचं पाणी. दहा मिनिटं." (सुई केवढी, ते त्यांनी हाताने दाखवलं.) घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "सिसिल, ऑपरेशन आहे."

"दहा मिनिटांचं?"

"मेंदूच्या शेजारी!"

दुसऱ्या दिवशी जायचं होतं. पण संध्याकाळीच निम्मं उमेळे गाव आमच्या ओट्यावर! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी येऊन रोझरीची प्रार्थना म्हणायची, शेवटी पेशंटने हात जोडून 'चुकलंमाकलं माफ करा' म्हणायचं, ही आमच्या आळीची रीत. एवढंच म्हणायचं असतं. तपशील द्यायचा नसतो. मी दिला!

"पास्कूकाका," शेजारच्या काकांना मी हुंदके देत म्हणालो, "तुमच्या लीनाच्या लग्नासाठी राखलेला वेलची केळ्यांचा घड मी चोरला होता."

सिसिलने कपाळावर हात मारला. त्या घडाचा आळ काकांनी बस्त्याव या सख्ख्या मेव्हण्यावर घेतला होता. त्याला लग्नालाही बोलावलं नव्हतं! आठ वर्षं दोघे एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोन टोकांना बसत होते, आणि मी दोघांच्या मधोमध, मान खाली घालून.

काका उठले. "मेलास तर माफ. वाचलास तर माझ्याबरोबर बस्त्यावकडे यायचं!"

आयुष्यात पहिल्यांदा मला बरं व्हायची भीती वाटली. सुई गेली, कडकन आवाज झाला, हनुवटीखालच्या ट्रेमध्ये जे आलं (जेवत वाचणाऱ्यांसाठी ते गाळतो)... "झालं. घरी जा."

"डॉक्टर, दोन दिवस ठेवून घ्या ना!"

"कशासाठी? उठा!"

दवाखान्याच्या दारात काका हजर. नाकात कापसाचा बोळा, 'म'चा 'ब' होत होता, तसाच बस्त्यावमामांपुढे उभा राहिलो. "बाबा, केळी बी चोरली होती."

"भावजी, हा काय म्हणतोय?"

काकांनी खाली बघितलं. "माझं चुकलं, असं म्हणतोय."

दोघे गळ्यात पडून रडले. मग डोळे पुसून दोघांनी मिळून मला जे झापलं, ते सुईपेक्षा लांब चाललं!

पुढच्या वर्षी सायनस पुन्हा भरलं. 'दादरला काम आहे' असं घरी सांगून एकटाच धुऊन आलो. सुईला मी आता घाबरत नाही हो. पण केळी हे माझं त्यातल्या त्यात सांगण्यासारखं पाप होतं!