धानाच्या लोंब्यांचं चर्च आणि तीन टोले

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई होत्या तोवर वेगळ्या भुताची गरजच पडली नाही... पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते भर दुपारच्या उन्हात झालं, आणि ऐकणारी मी एकटी नव्हते. म्हणून लिहिते आहे.

रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं, भनपुरीतली ट्रकांची गर्दी मागे टाकली, की आत धानाच्या शेतांत एक खेडं आहे. तिथं जुनं दगडी चर्च. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या उंच चिंचोळ्या खिडक्या, भिंतींना बाहेरून तिरपे दगडी टेकू. नकाशा परदेशी पाद्र्यांचा, हात गावच्या मिस्त्रींचे. पाद्र्यांनी कमानीवर द्राक्षांची वेल कोरायला सांगितली म्हणे... द्राक्षं कोणी पाहिली होती? मिस्त्रींनी धानाच्या लोंब्या कोरल्या. वर कवेलूंचं छप्पर आणि दाराच्या डोक्यावर घंटेचा मनोरा.

नवी नवरी असताना ह्यांनी मला तिथं नेलं होतं. रेल्वेतल्या एका सोबत्याचं गाव ते. मी मोठी शहाणी, वर्ध्याची मॅट्रिक पास, अंगावर हिरवा शालू. देवाच्या घरात शिरताना घंटा वाजवायची, एवढं मला पक्कं ठाऊक. दारात दोर लोंबत होता. ओढला. टण्ण!

आता त्या गावात अवेळी घंटा वाजली म्हणजे कुठं तरी आग लागली, नाही तर कोणी गेलं. शेतांतून माणसं विळ्यांसकट धावत आली. शहाणी पदरात तोंड लपवून उभी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोर धरला, आणखी दोन टोले दणकून हाणले आणि म्हणाले, "मी वाजवली."

बोलणी ह्यांनी खाल्ली. ही गोष्ट मी घरात कधीच कोणाला सांगितली नाही — मॅट्रिकची अब्रू होती ना! ह्यांनीही पोटात ठेवली, आणि तशीच घेऊन गेले.

माझी नात गार्गी आर्किटेक्चर शिकते. कॉलेजसाठी तेच चर्च मोजायला निघाली, तशी मीही गाडीत बसले. तिथली देखभाल करणाऱ्या समारूकाकांनी बजावलं, मधल्या कमानीला तडा गेलाय, तिच्याखाली थांबू नका. गार्गी "हव" म्हणाली, आणि काका घराकडे वळताच टेप घेऊन नेमकी त्याच कमानीखाली.

मी दारातून हाक मारली, "पोट्टे, बाहेर ये. मोजाले दुसरी कमान नाही भेटली काय तुले?"

"दो मिनट, आजी. बस एक नाप बाकी है."

तिच्या डोक्यावरून चुन्याची भुकटी झरत होती. मी पुन्हा ओरडणार, तोच घंटा वाजली. एक टोला, चाचरत. मग जरा थांबून दोन, दणकून.

गार्गी तणतणत बाहेर आली. "आजी, तुमने घंटी क्यों बजा दी?" ती माझ्यापाशी पोचली आणि मागे कमानीचा दगड कोसळला. लोंब्यांसकट. टेप त्याच्याखाली.

धूळ बसायच्या आत शेतांतून माणसं आली, हातात विळे तसेच. कोणी वाजवली, विचारू लागली. दारात मीच उभी. गार्गीनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"मैंने बजाई."

मागोमाग आलेल्या समारूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग वर मनोऱ्याकडे. "कइसे, नोनी? घंटी के लोहा त मोर घर म माढ़े हे."

मनोरा हलू नये म्हणून घंटेच्या आतला लोखंडी लोलक आणि दोर त्यांनी कधीचेच काढून घरी नेऊन ठेवले होते. मी वर पाहिलं. दोर नव्हताच.

गार्गी म्हणते, दगड सरकताना घंटा हादरली असेल. असेल. पण लोलकाशिवाय ती वाजली कशी, हे तिच्या कॉलेजातही कोणाला सांगता आलं नाही. मलाही नाही सांगता येत.

परतताना गाडीत मी तिला शालूची सगळी गोष्ट सांगितली. अब्रू गेली ती गेली. पण त्याआधी, निघताना दारात मी थोडी मागे राहिले होते. मनोऱ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "दोन टोले तुमचे, समजलं... पहिला माझ्यासारखाच बावळट कशाला वाजवायचा?"